संसारांतील खरेदी आणि तिची खरी किंमत

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

शेतकऱ्याच्या हातीं रोख पैसा नोकरदाराप्रमाणें दरमहा येत नाहीं. खरिपाचा माल बाजारांत गेला म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षांत, रब्बीचा गेला म्हणजे चैत्र-वैशाखांत, आणि ऊंस असल्यास कारखान्याचें बिल निघेल तेव्हां, असा तो वर्षांतून दोनतीन वेळां येतो. दिवाळी, लग्नसराई व गांवोगांवच्या जत्रा यांचेही दिवस हेच. त्यामुळें संसाराची बहुतेक मोठी खरेदी याच सुमारास उरकली जाते. पैसा हातांत खुळखुळत आहे म्हणून घेतलेली वस्तु आणि गरज ओळखून घेतलेली वस्तु यांत पुढें फार अंतर पडतें. बियाणें, खत व मजुरी यांचा हिशेब ठेवणारे शेतकरी आतां पुष्कळ आढळतात. परंतु घरांत आलेल्या वस्तूनें आपली किंमत फेडली कीं नाहीं हें पाहणारें घर विरळा. वस्तुतः शेताच्या उत्पन्नाचा बराच भाग याच वाटेनें जातो. सबब कोणती घरगुती खरेदी कालांतरानें पैसे फेडते व कोणती फेडीत नाहीं, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हिशेबाची रीत सांगतों. दुकानदार जो आंकडा सांगतो तो वस्तूचा भाव होय. तिची खरी किंमत त्याहून निराळी असते. वस्तु घरीं आणण्यास पडलेले पैसे, ती चालू ठेवण्यास दरसाल लागणारा खर्च, ती किती वर्षें काम देते तो काळ, आणि शेवटीं मोडींत घातली असतां परत मिळणारी रक्कम, असे चार आंकडे कागदावर मांडावे. दरसालचा खर्च वर्षांनीं गुणून तो खरेदींत मिळवावा, त्यांतून मोड वजा करावी, आणि बाकीस पुन्हां वर्षांनीं भागावें. म्हणजे त्या वस्तूची एका वर्षाची किंमत निघते. तिच्यापेक्षां त्या वस्तूनें वर्षांत वांचविलेलें धान्य, जळण किंवा वेळ अधिक मोलाचा असेल तर खरेदी किफायतशीर. नसेल तर ती हौस समजावी. हौसेला माझा विरोध नाहीं. मात्र हौस ही हौसेच्या खात्यांत लिहावी, गरजेच्या खात्यांत लिहूं नये. पुढें जे भाव दिले आहेत ते केवळ समजुतीकरितां मानलेले आहेत; वाचकांनीं आपल्या बाजारांतील भाव घालून गणित पुन्हां करावें.

शेतकऱ्याच्या घरांत निःसंशय फायद्याची ठरणारी वस्तु कोणती, असें मला कोणीं विचारिलें तर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, घट्ट झांकणाची धान्याची कोठी, असें मी उत्तर देईन. तिच्यांत दिमाख कांहींच नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, लग्नांतील आहेरांत लांकडी कपाट दिसतें पण कोठी क्वचित् दिसते.

पूर्वीं आपल्याकडे पेव, बळद, कणगी व रांजण अशीं धान्य सांठविण्याचीं साधनें होतीं. सांगलीजवळील हरिपूरचीं पेवें हळदीच्या सांठ्यासाठीं प्रसिद्ध होतीं. २००५ सालच्या महापुरांत त्यांचें मोठें नुकसान झालें. पेव उघडल्यावर त्यांत लगेच माणूस उतरवूं नये, आंतील हवेनें तो गुदमरतो, हें जुन्या लोकांस पक्कें ठाऊक होतें. पेवांतील धान्य टिकण्याचें कारणही हेंच. बंद जागेंत धान्य व कीड यांच्या श्वसनानें प्राणवायु संपत जातो व कर्बवायु वाढतो. ज्या हवेंत माणूस गुदमरतो तींत कीडही जगत नाहीं. चांगल्या झांकणाची कोठी काठोकाठ भरून बंद केली असतां थोड्या प्रमाणांत हेंच घडतें. पोत्यांत तें कधींच घडत नाहीं, कारण पोतें सर्व बाजूंनीं हवा घेतें.

किडीची रीत समजली म्हणजे कोठी कां व कशी वापरावी हें समजतें. ज्वारी, गहू व तांदूळ यांस लागणारा सोंड्या दाण्यास बारीक भोंक पाडून आंत अंडें घालतो. अळी दाण्याच्या पोटांतच वाढते, आणि उष्ण दिवसांत सुमारें एका महिन्यांत नवा किडा बाहेर पडतो. म्हणून वरून धान्य स्वच्छ दिसत असतां आंत कीड असूं शकते. तूर, हरभरा, मूग यांचा भुंगेरा दाण्याच्या सालीवर पांढरट अंडीं चिकटवितो. तो पुष्कळदां शेतांतूनच शेंगेबरोबर घरीं येतो. मागाहून 'कोठीला कीड लागली' असें म्हणणें हा कोठीवर अन्याय आहे. एक मादी ऐंशी-शंभरपर्यंत अंडीं घालते व पिढी महिनाभरांत पुरी होते. फाल्गुनांत दहावीस भुंगेरे असले तर श्रावणांत काय होईल याचा अंदाज ज्याचा त्यानें करावा. अखंड कडधान्यापेक्षां डाळीस हा किडा कमी लागतो. यासाठीं खाण्यापुरतें कडधान्य उन्हाळ्यांतच भरडून डाळ करण्याची आपल्या घरांतील जुनी पद्धत शहाणपणाची आहे. अखंड ठेवावयाचें असल्यास किलोस सुमारें ५ मिलिलिटर खाद्यतेल दाण्यांना चोळून लावावें. गव्हास एरंडेल लावण्याची चाल आपल्या स्त्रियांना नवी नाहींच.

मुख्य मुद्दा ओलाव्याचा आहे. कोठी धान्याला कोरडें करीत नाहीं. जसें भराल तसें ती ठेवते. ओलसर धान्य बंद कोठींत घातलें तर पोत्यापेक्षांही लवकर बुरसतें, कारण वाफेला बाहेर जाण्यास वाट नसते. तृणधान्यांत ओलावा शेंकडा १२ पेक्षां अधिक नसावा. कडधान्य त्याहूनही कोरडें असलेलें बरें. दाणा दाताखालीं धरला असतां कट्‌कन आवाज होऊन फुटला तर तो वाळला. दबला तर वाळला नाहीं. दुसरी एक सोपी परीक्षा अशी : कोरड्या कांचेच्या बाटलींत तिसरा हिस्सा धान्य घालून त्यावर दोनतीन चमचे अगदीं कोरडें बारीक मीठ टाकावें, बाटली मिनिटभर हलवून पाव तास स्वस्थ ठेवावी. मीठ कांचेस चिकटून राहिलें तर धान्यांत शेंकडा १५ हून अधिक पाणी आहे असें समजून तें पुन्हां उन्हांत घालावें. चिकटलें नाहीं म्हणजे तें सांठवणीस तयार झालें असें मात्र नव्हे. पुढें दाताची परीक्षा आहेच. उन्हांतून काढलेलें तापलेलें धान्य तसेंच भरूं नये, निवूं द्यावें. कोठी भिंतीस टेकवूं नये व जमिनीवर ठेवूं नये; खालीं लांकडी फळ्या घालाव्या. जेथें दुपारचें ऊन पत्र्यावर पडतें तेथें ती ठेवल्यास दिवसा पत्रा तापतो, रात्रीं निवतो, आणि झांकणाच्या आंतल्या बाजूस दंव धरून वरचा थर कुजतो. याच कोठींत मीठ किंवा रासायनिक खत ठेवणारे लोक मीं पाहिले आहेत; त्यांनीं जस्ताचा मुलामा खाऊन टाकला व तीनचार वर्षांत पत्र्यास भोंकें पडलीं, यांत पत्र्याचा दोष नाहीं.

धान्यांत ठेवण्याच्या विषारी गोळ्यांविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीस हवेंतील ओलावा लागला म्हणजे फॉस्फिन नांवाचा वायु सुटतो. तो किडीस मारतो तसाच माणसांसही मारतो, आणि त्याला उतारा नाहीं. तिच्या विक्रीवर व वापरावर सरकारी निर्बंध आहेत. ज्या घरांत माणसें निजतात त्या घरांत ती कदापि आणूं नये. वाळवण, चाळण व घट्ट झांकण यांनीं जें काम होतें त्यासाठीं मुलांबाळांचा जीव धोक्यांत घालण्याचें कारण नाहीं.

आतां गणित. ५ क्विंटल मावेल अशी कोठी ६,००० रुपयांस मिळाली व ती २० वर्षें टिकली असें धरलें, आणि मोडीचा विचार सोडून दिला, तर तिची वर्षाची किंमत ३०० रुपये पडते. पोत्यांत ठेवलेल्या ५ क्विंटलांपैकीं शेंकडा ४ जरी उंदीर व कीड यांनीं नेलें तरी तें २० किलो झालें. ३० रुपये दरानें त्याचे ६०० रुपये होतात. एक उंदीर रोज २५ ग्रॅम धान्य खातो असें धरल्यास वर्षास सुमारें ९ किलो होतें, आणि तो नासतो तें निराळेंच. आपल्या घरचें नुकसान किती हें कळण्यासाठीं भरतांना एक पोतें तोलावें व आषाढांत तें चाळून पुन्हां तोलावें. दुसऱ्याच्या आंकड्यावर विश्वासण्याचें मग कारण उरत नाहीं. पत्रा सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा किंवा त्याहून जाड असावा, सांधे दुमडून पक्के केलेले असावे, आणि कोठी घरच्या सांठ्याच्या मापाचीच घ्यावी. अर्धी रिकामी राहणारी मोठी कोठी घेण्यांत दोन्हीकडून तोटा आहे. पैसे अधिक जातात, आणि रिकाम्या भागांतील हवेवर कीड जगते.

कोठीचा आणखी एक फायदा आहे, तो गणितांत धरणें कठीण पण लहान नाहीं. काढणीच्या वेळीं सर्वांचाच माल एकदम बाजारांत येतो व भाव बसतो. घरीं ठेवलेलें टिकेल अशी खात्री नसली म्हणजे शेतकऱ्यास तो भाव पत्करावा लागतो. पुढें भाव चढेलच असें कोणी सांगूं शकत नाहीं. परंतु चार पोतीं तूर आज विकावी कीं दोन महिन्यांनीं, हें ठरविण्याचा अधिकार तरी ज्याची सांठवण चांगली त्याच्याकडे राहतो.

यानंतर भांड्यांचा विषय. 'पितळ घ्यावें, मोड तरी येते' असें आपले वडीलधारे सांगत आले. हें म्हणणें अर्धें खरें आहे, आणि कोणतें अर्धें हें हिशेबानेंच कळतें. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्र धातु. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी पेशवाईपासून तांब्यापितळेच्या कामासाठीं नांवाजलेली आहे, आणि विदर्भांत भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव म्हणून ओळखलें जातें. हा धातु ठोकला तरी फुटत नाहीं, पोचा काढतां येतो, बूड झाळतां येतें. पण चिंच, ताक, आमसूल, टोमॅटो असा आंबट पदार्थ त्यांत राहिला कीं धातु विरघळून अन्न कळकतें व तें विषारी होतें. म्हणून रांधण्याच्या पितळी भांड्यास कल्हई अवश्य. कल्हईवाला भांडें तापवून नवसागराची पूड टाकतो, तिनें धातूवरील मळ निघतो. मग कथिलाची कांब लावून वितळलेलें कथील बोळ्यानें सर्वत्र पसरतो. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळतें, यामुळें भांडें कोरडें तापलें कीं कल्हई गेलीच. कल्हईंत शिसें मिसळण्याची लबाडी कोठें कोठें चालते, आणि शिसें हें हळूहळू भिनणारें विष आहे. तेव्हां कल्हईवाल्याची कांब पाहून घ्यावी. शुद्ध कथिलाची कांब वांकविली असतां करकर असा आवाज ऐकूं येतो. शिशाची कांब मुकाट्यानें वांकते व कागदावर घासल्यास काळी रेघ उठते.

३ किलो वजनाचें पितळी पातेलें ८०० रुपये किलोप्रमाणें २,४०० रुपयांस पडलें असें मानूं. वर्षास एक कल्हई, तिचे १५० रुपये, अशीं ३० वर्षें म्हणजे ४,५०० रुपये. मोडींत १,२०० परत आले. एकूण ५,७०० रुपये गेले. वर्षाचे १९० पडले. तेवढ्याच मापाचें चांगल्या जाडीचें स्टीलचें पातेलें ६०० रुपयांस आलें, २० वर्षें टिकलें व मोडींत ६० रुपये आले, तर वर्षाचे २७ रुपये होतात. स्टील कळकत नाहीं व त्यास कल्हई लागत नाहीं. रांधण्याच्या कामीं स्टीलनें पितळेस मागें टाकलें तें उगीच नव्हे. जुनीं पितळी पातेलीं घरांत असतील तर तीं जरूर वापरावीं. पण नवीं घेऊन किफायत होईल असें मला दिसत नाहीं. स्टील घेतांना मात्र वजन पाहावें. केवळ लोहचुंबक चिकटत नाहीं म्हणून माल उत्तम असें दुकानदार सांगतो. हलक्या प्रतीच्या कांहीं स्टीलालाही लोहचुंबक चिकटत नाहीं, म्हणून ती परीक्षा पुरी नव्हे.

पाण्याच्या भांड्याची गोष्ट निराळी. पितळी हंड्यास पाण्यापुरती कल्हई लागत नाहीं. चिंचेनें घासला कीं झालें. ५ किलोचा हंडा ४,००० रुपयांस घेतला, ४० वर्षें वापरला आणि मोडींत निम्मे पैसे आले, तर वर्षाचे ५० रुपये पडतात. २५० रुपयांची प्लॅस्टिकची कळशी उन्हापावसांत तीन वर्षांत तडकते. तिचे वर्षाचे ८३ झाले, व मोड जवळजवळ शून्य. येथें वडीलधाऱ्यांचें म्हणणें खरें ठरतें. कोणी चिकित्सक वाचक विचारील कीं, ४,००० रुपये पतपेढींत ठेविले असते तर त्यांस व्याज आलें असतें, तें या हिशेबांत कोठें आहे? प्रश्न योग्य आहे. शेंकडा ८ दरानें वर्षाचे ३२० रुपये होतात, व ते धरल्यास हंडा महाग ठरतो. धातूचा भावही वर्षानुवर्षें चढत आला आहे हें खरें, परंतु पुढें तो किती चढेल यावर भिस्त ठेवूं नये. तेव्हां माझें मत असें कीं, घरांत एकदोन हंडे असावे. मांडणीवर ओळीनें दहा लावण्यांत शोभा आहे, किफायत नाहीं.

भांड्यांच्या टिकाऊपणाची एक कठोर परीक्षा नोकरींत असतांना मला पाहावयास मिळाली. २०१९ सालीं ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा या नद्यांस महापूर आला, आणि पाणी ओसरल्यावर घरोघर पंचनामे करण्याचें काम महसूल खात्याकडे आलें. चारपांच दिवस पाण्यांत राहिलेल्या घरांत भुशाच्या दाबलेल्या फळीचीं कपाटें व पलंग फुगून पापुद्रे सुटलेले, गाद्या चिखलानें जड झालेल्या, पोत्यांतील गव्हास मोड आलेले. त्याच घरांत चिखल धुवून काढलेलीं भांडीं दुसऱ्या दिवशीं चुलीवर चढलीं होतीं. सागवानी पाट व जुनी लोखंडी पेटी यांचेंही कांहीं बिघडलें नव्हतें. शिलाईची यंत्रें घरच्या माणसांनीं खोलून, रॉकेलनें धुवून, तेल घालून महिनाभरांत चालू केलेलीं मीं पाहिलीं. महापूर रोज येत नाहीं, हें मान्य. पण गळकें छप्पर, वाळवी व ओल हीं दरसालचींच आहेत, आणि दाबलेल्या फळीस तेवढींही पुरतात.

शिलाईच्या यंत्राचें सांगावयाचें तर, घरांत शिवणारें माणूस असेल तरच तें घ्यावें. पायानें चालणारें साधें यंत्र दोन पिढ्या टिकतें, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात, आणि उसवलेले कपडे, गोधड्या व मुलांचे गणवेष घरीं निघाले कीं त्याचे पैसे सुटतात. नुसतें रुखवतांत मांडून पुढें त्यावर कपड्यांची चवड ठेवावयाची असल्यास तें एक महागडें टेबल होय.

प्रेशर कुकराविषयीं वाद राहिलेला नाहीं. उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांस उकळतें व त्याहून अधिक तापत नाहीं. कुकरांत वाफ कोंडल्यामुळें तें सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें, आणि डाळ निम्म्याहून कमी वेळांत शिजते. जळण वांचतें, त्याहूनही, पेरणी-भांगलणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या घरच्या बाईचा सकाळचा वेळ वांचतो. हा वेळ आपण हिशेबांत धरीत नाहीं, ही आपली जुनी खोड आहे. खरेदी करणारे बहुधा पुरुष व वापरणाऱ्या बहुधा स्त्रिया. तेव्हां त्यांस विचारल्याशिवाय घरकामाची कोणतीही वस्तु आणूं नये. कुकरावर आय. एस. २३४७ या मानकाची खूण पाहून घ्यावी; रबराची कडी व सुरक्षा-झडप वेळच्या वेळीं बदलावी, आणि झडप मिळते त्याच बनावटीची बसवावी.

दिव्यांचा हिशेब दोन ओळींचा आहे. ६० वॉटचा जुना तारेचा दिवा रोज ५ तास लागला तर वर्षास सुमारें ११० युनिटें जळतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एल. ई. डी. दिवा १६ ते १७ युनिटें घेतो. ७ रुपये युनिट धरल्यास एका दिव्यामागें वर्षास सुमारें ६५० रुपये राहतात, व दिव्याची किंमत पहिल्या कांहीं महिन्यांतच वसूल होते. गोठ्यांतला दिवा बदलण्यास लोक विसरतात; तोच सर्वांत जास्त वेळ जळत असतो.

घोंगडीची जागा आतां मेणकापडानें व स्वस्त ब्लँकेटांनीं घेतली आहे. देशी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घट्ट विणीची घोंगडी पाऊस बराच वेळ अडविते, थंडींत पांघरतां येते, खळ्यावर अंथरतां येते, व ठिणगी पडली तरी भडकत नाहीं. कसरीपासून जपली तर ती पंधरावीस वर्षें सहज जाते. रात्रीं पाण्याच्या पाळीवर जाणाऱ्यास तिची योग्यता सांगावयास नको.

याच्या उलट उदाहरण म्हणून घरगुती पिठाची गिरणी घ्या. १५,००० रुपयांची गिरणी आणली आणि घरांत महिन्यास २० किलो दळण लागतें. गांवच्या गिरणींत किलोस ५ रुपये पडतात असें धरल्यास महिन्याचे १०० व वर्षाचे १,२०० रुपये वांचतात. म्हणजे वीज व दुरुस्ती बाजूस ठेवली तरी किंमत फिटण्यास साडेबारा वर्षें लागतात. गिरणी जेथें दोन कोस दूर आहे, किंवा घरांत पंधरावीस खाणारीं तोंडें आहेत, तेथें हा हिशेब बदलेल. एरवीं ती हौसेच्या खात्यांत.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती वस्तूविषयीं नसून पैशाविषयीं आहे. वर जे जे हिशेब केले ते घरच्या रोख पैशानें घेतलेल्या वस्तूंचे होत. तीच वस्तु कर्जानें घेतली कीं सर्व आंकडे फिरतात. अलीकडे दुकानांतून 'बिनव्याजी हप्ते' अशी पाटी लावलेली असते. समजा, शीतपेटीचा भाव २४,००० रुपये, दरमहा २,००० प्रमाणें १२ हप्ते, व कागदपत्रांचे ५०० रुपये वेगळे. तीच वस्तु रोखीनें घेणारास २२,५०० रुपयांस मिळते. हप्तेवाल्यानें २४,५०० दिले; म्हणजे २,००० रुपये अधिक गेले. हीं रक्कम वर्षभर पूर्ण उधार नसते, दर महिन्यास फिटत जाते, सरासरी निम्म्याहून थोडीच अधिक राहते. म्हणून हें व्याज द. सा. द. शें. १६ च्या आसपास बसतें. बिनव्याजी म्हणून कांहीं नसतें, असें रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालीं बँकांना लिहिलेल्या परिपत्रकांत स्पष्ट केलें आहे. शिवाय हप्ता दरमहा द्यावयाचा आणि आपलें उत्पन्न हंगामी. ज्येष्ठांत खात्यांत शिल्लक नसली कीं दंड सुरू होतो. हप्त्यानें घ्यावयाचेंच झाल्यास दुकानदारास प्रथम रोखीचा भाव विचारावा, तो कागदावर लिहून घ्यावा, व मगच हप्त्यांची बेरीज करावी.

याहून वाईट म्हणजे पीककर्जाच्या पैशांतून घरसामान घेणें. पीककर्ज हें बी, खत व मशागत यांसाठीं असतें. तें पिकांतून फिटावयाचें असतें. त्यांतील २०,००० रुपये कपाट व दूरदर्शन संच यांत गेले म्हणजे खताचा दुसरा हप्ता चुकतो, पीक कमी येतें, आणि परतफेड लांबते. वेळेवर फेड करणारास व्याजांत जी सवलत मिळते ती थकबाकीदारास मिळत नाहीं, व पुढील हंगामाचें कर्जही अडतें. दप्तरांत काम करीत असतां असे उतारे मीं पुष्कळ पाहिले आहेत. ज्या वस्तूपायीं गुंता सुरू झाला ती केव्हांच मोडींत गेलेली असते, पण बोजा मात्र सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बसलेला असतो, आणि वांटणीच्या वेळीं मुलें विचारतात कीं हा कशाचा?

कायद्यानेंही संसारांतील वस्तूंत एक रेघ ओढून ठेवली आहे, ती जाणण्यासारखी आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, हिच्या कलम ६० प्रमाणें हुकूमनाम्याच्या वसुलींत ऋणकोचे, त्याच्या बायकोचे व मुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं व अंथरूण-पांघरूण जप्त करितां येत नाहीं. तसेंच ऋणको शेतकरी असल्यास न्यायालयास त्याच्या उपजीविकेसाठीं जरूर वाटतील तेवढीं अवजारें, जनावरें व बियाणें यांसही जप्तींतून सूट आहे. कपाटें, सोफे, दूरदर्शन संच वगैरेंस अशी सूट नाहीं. खरेदीची यादी करतांना ही रेघ डोळ्यांपुढें ठेवली तर कोणत्या वस्तूस आधीं पैसे द्यावे हें ठरविणें सोपें जाईल.

शेवटीं कागदांविषयीं. शंभर रुपयांच्या नांगराच्या पासेची पावती जपून ठेवणारा शेतकरी वीस हजारांच्या यंत्राची पावती दुकानांतच टाकून येतो. पावतीवर दुकानाचें नांव, तारीख, वस्तूचा क्रमांक व भरलेली पूर्ण रक्कम असलीच पाहिजे. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख त्याच वेळीं घालून घ्यावी. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे कमी करितों असें दुकानदार म्हणेल. त्या थोड्या पैशांसाठीं हमी सोडून देऊं नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, याप्रमाणें तक्रारदार स्वतः जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करूं शकतो, दुकान दुसऱ्या जिल्ह्यांत असलें तरी चालतें. मात्र तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांचे आंत ती दाखल झाली पाहिजे. हीं सर्व कागदपत्रें सातबारा, फेरफार व शेतसाऱ्याच्या पावत्या ज्या पेटींत असतात तींतच, निराळ्या पाकिटांत ठेवावीं. यंत्रांतून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावतीवरील अक्षरें वर्षदोन वर्षांत उडून जातात, म्हणून तिची झेरॉक्स प्रत खरेदीच्याच दिवशीं काढून मूळ पावतीस टांचून ठेवावी.